७२ तास, ४५ दिवस, ३ महिने : कंडोम फाटल्यावर नेमकं काय करायचं?

आडवाटेचा_पंथी (रविवार, सकाळी ९:०५)

मित्रासाठी विचारतोय. (खरंच मित्र आहे, हसू नका.) शुक्रवारी रात्री साडेअकराच्या सुमारास संबंध आला, पहिलीच भेट, बाईंच्या तब्येतीबद्दल काही माहीत नाही. नंतर पाहिलं तर कंडोम फाटलेला. योनीमार्गाचाच संबंध, दुसरं काही नाही. मित्र विवाहित आहे. कालपासून तो नेटवर लक्षणं वाचत बसलाय. आज अंग गरम वाटतंय आणि जिभेवर पांढरा थर दिसतोय म्हणतो.

प्रश्न तीन. धोका किती? आत्ता काही करता येतं का? टेस्ट कधी केली म्हणजे निकाल पक्का धरायचा? एक जण म्हणतो २८ दिवस, दुसरा ४५, तिसरा ३ महिने आणि चौथा थेट ६ महिने.

---

मित्राचा_मित्र (रविवार, सकाळी ९:११)

मराठी आंतरजालावरच्या 'मित्रांना' एकत्र बोलावलं तर शिवाजी पार्क पुरणार नाही.

---

सातपुडा (रविवार, सकाळी ९:१४)

हसणं नंतर. आधी घड्याळ बघा. शुक्रवार रात्री ११:३० पासून ७२ तास म्हणजे सोमवार रात्री ११:३०. तोवर 'पेप' सुरू करता येतं, म्हणजे एचआयव्हीविरोधी गोळ्यांचा २८ दिवसांचा कोर्स. ७२ तासांनंतर तो कोणी देत नाही, कारण विषाणूने एकदा लसीकाग्रंथींमध्ये ठाण मांडलं की गोळ्या उशिराच्या ठरतात. आणि ७२ ही शेवटची गाडी आहे, सोयीची वेळ नव्हे. दुसऱ्या तासाला घेतलेली गोळी आणि सत्तराव्या तासाला घेतलेली गोळी यांत फरक पडतो.

मित्राचे साडेतेहतीस तास गेलेत. जिभेचे फोटो काढणं थांबवायला सांगा आणि त्याला घराबाहेर काढा.

---

कोकमकढी (रविवार, सकाळी ९:३०)

सातपुडा +१. आज रविवार, तेव्हा कुठे जायचं ते सांगते.

एआरटी केंद्र (एचआयव्हीच्या उपचारांचं) आणि आयसीटीसी (सरकारी एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्र) दोन्ही आज बंद असणार. म्हणून जवळच्या मेडिकल कॉलेजच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं. रुग्णालयातल्या कुणाला सुई टोचली तर रात्री-अपरात्री पहिला डोस लागतो, म्हणून तिथे गोळ्या ठेवलेल्या असतात. केस पेपर काढायचा आणि डॉक्टरांना एका वाक्यात सांगायचं : "अमुक तासांपूर्वी संबंध आला, कंडोम फाटला, पेपसाठी आलोय." 'अशक्तपणा वाटतोय' असं सांगून रांगेत बसाल तर सलाइन लागेल, पेप मिळणार नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. सरकारी पुरवठ्यातलं पेप मुख्यतः आरोग्य कर्मचारी आणि लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तींसाठी असतं. संमतीने झालेल्या संबंधानंतर कुठे देतात, कुठे बाहेरचं लिहून देतात. त्यावर वाद घालत तास घालवू नका. चिठ्ठी घ्यायची आणि मोठ्या रुग्णालयाजवळचं मेडिकल गाठायचं. कोपऱ्यावरच्या दुकानात हे औषध बहुधा नसतं, म्हणून आधी फोन. हेही जमलं नाही तर संसर्गरोगतज्ज्ञ किंवा एचआयव्हीचे रुग्ण पाहणारे फिजिशियन. राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७ फुकट आहे आणि मराठीतही बोलतात.

---

आकडेमोड (रविवार, सकाळी ९:५२)

पहिला प्रश्न राहिला, धोका किती. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचे आकडे सगळीकडे वापरतात. समोरची व्यक्ती बाधित आहे, उपचारावर नाही आणि कंडोम नाही असं धरून, दर १०,००० संबंधांमागे :

योनीसंबंधात पुरुषाला ४, बाईला ८. गुदसंबंधात करणाऱ्याला ११, घेणाऱ्याला १३८. मुखमैथुनात इतका कमी की आकडा मांडता येत नाही. तुलनेसाठी, बाधित रक्ताची सुई टोचली तर २३.

आता समोरची व्यक्ती बाधित असण्याची शक्यता. भारतातल्या प्रौढांत प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. देहविक्रय, पुरुष-पुरुष संबंध, सुईने नशा या गटांत ते कैक पट जास्त. हिशेबापुरते २ टक्के धरू, म्हणजे हात सैल सोडून. ०.०२ गुणिले ०.०००४ म्हणजे सव्वा लाखात एक.

मित्राला म्हणावं, झोप.

---

सातपुडा (रविवार, सकाळी १०:०३)

आकडेमोडराव, गुणाकार बरोबर, पण 'झोप' घाईचं. ४ हा सरासरीचा आकडा आहे. समोरच्या व्यक्तीला संसर्ग गेल्या काही आठवड्यांतलाच असेल तर रक्तातला विषाणू प्रचंड असतो आणि धोका तेवढ्याने चढतो. दोघांपैकी कुणाला गुप्तरोगाची जखम, पाळी चालू असणं, खरचटणं, यानेही वाढतो. उलट सुंता झालेली असेल तर पुरुषाचा धोका कमी. तुमचं २ टक्केही हवेतूनच आलंय.

---

आकडेमोड (रविवार, सकाळी १०:१०)

मान्य. पण दहापट वाढवला तरी साडेबारा हजारात एक. ब्रिटनमधली पद्धत अशी की धोका हजारात एकाहून जास्त असेल तर पेप द्या, हजारात एक ते दहा हजारात एक असेल तर विचार करा, त्याहून कमी असेल तर सहसा नको. २८ दिवसांची औषधं म्हणजे चणेफुटाणे नव्हेत.

---

कोकमकढी (रविवार, सकाळी १०:१८)

तुम्ही दोघंही बरोबर आहात, म्हणूनच हा निर्णय धाग्यावर करायचा नसतो. डॉक्टर तीनच गोष्टी विचारतात : काय घडलं, किती वाजता, समोरच्याबद्दल काय माहीत आहे. तिसऱ्यावर बरंच ठरतं. ती व्यक्ती एचआयव्हीसह जगत असेल, नियमित गोळ्या घेत असेल आणि विषाणूभार (एका मिलिलीटर रक्तातल्या विषाणूंची संख्या) २०० च्या खाली टिकून असेल, तर तिच्याकडून संबंधातून लागण होत नाही. युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासात हजारो विनाकंडोम संबंध मोजले, अशा जोडीदाराकडून एकही लागण निघाली नाही. मग पेपची गरजच नाही. म्हणजे गोळ्या घेणाऱ्या बाधित व्यक्तीपेक्षा कधीच टेस्ट न केलेली 'धडधाकट' व्यक्ती जास्त धोक्याची.

बाई स्वतःहून टेस्टला तयार असतील तर उत्तम. पण तुमच्या मित्राने त्यांच्यावर जबरदस्ती करायची नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय कुणाचीही चाचणी करता येत नाही आणि निकाल फोडताही येत नाही. मित्राचाही नाही.

---

मित्राचा_मित्र (रविवार, सकाळी १०:२५)

डेटॉलने धुतलं तर? वर्गात एकाने छातीठोक सांगितलं होतं.

---

सातपुडा (रविवार, सकाळी १०:२९)

त्या एकाला कान धरून उभं करा. डेटॉल, सॅव्हलॉन, लिंबू, व्हिनेगर, काही नाही. नाजूक त्वचा भाजते आणि विषाणूला उलट वाट मिळते. पुरुषाने बाहेरून साधं पाणी आणि साबण. बाईने आतून पिचकारीने धुवायचं नाही. पुसायचं, लघवीला जायचं, बस.

---

अनसूया_कट्टा (रविवार, सकाळी ११:०२)

दोन तास झाले, प्रतिसादांची जिलबी पडतेय आणि धाग्यात एकच शरीर आहे. कंडोम दोघांचा फाटला. वरच्याच तक्त्यात बाईचा आकडा ८ आहे, पुरुषाच्या दुप्पट. तिचं घड्याळही शुक्रवारी रात्री साडेअकरालाच सुरू झालंय. मित्राने तिला फोन केला का, हे कोणी विचारलं नाही.

तिला कळवायच्या गोष्टी :

एक, पेप तिलाही घेता येतं, त्याच ७२ तासांत.

दोन, गर्भधारणा. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी, हीसुद्धा ७२ तासांत, जितकी लवकर तितकी चांगली, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. घेतल्यावर २ तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. वेळ टळली तर ५ दिवसांपर्यंत तांबी बसवता येते. ही गोळी एचआयव्हीला अडवत नाही आणि पेप गर्भाला अडवत नाही. लोक दोन्हींची खिचडी करतात.

तीन, मित्राला एचआयव्ही आहे की नाही हे तिलाही माहीत नाही. त्याची आजची टेस्ट तिच्या कामाची आहे.

---

आडवाटेचा_पंथी (रविवार, सकाळी ११:२०)

अनसूयाताई, खरंय, हे डोक्यातच आलं नव्हतं. मित्राने तिला फोन केला. मी त्याला घेऊन निघतोय. तिथे काय काय होईल? आणि ताप, जीभ?

---

पिपेट (रविवार, सकाळी ११:३४)

ताप आणि जिभेचं आधी. संसर्गानंतरची लक्षणं आलीच तर साधारण २ ते ४ आठवड्यांनी येतात : ताप, घसा, अंगावर पुरळ, मानेत गाठी. दुसऱ्या दिवशी नाही. आणि आली तरी डेंग्यू, फ्लू आणि एचआयव्ही यांना अंदाजाने वेगळं करता येत नाही. अनेकांना काहीच होत नाही. जिभेचा पांढरा थर बहुतेकांना सकाळी असतोच, फक्त एरवी कोणी टॉर्च मारून बघत नाही.

तिथे रक्त घेतील. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी (एचबीएसएजी), हिपॅटायटिस सी, सिफिलिससाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृतासाठी एसजीपीटी. आजची एचआयव्ही टेस्ट शुक्रवारबद्दल काहीही सांगत नाही, ती त्याआधीचा हिशेब सांगते. तरी ती लागते, कारण आधीच लागण असेल तर २८ दिवसांचा पेप नव्हे, कायमचे उपचार सुरू करायचे असतात. मात्र रिपोर्टसाठी पहिला डोस अडवायचा नसतो. रक्त द्यायचं, गोळी गिळायची, रिपोर्ट मागून येऊ दे.

---

कोकमकढी (रविवार, दुपारी १२:०५)

गोळीबद्दल. सध्या देतात ती टीएलडी : टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ, डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ, तिन्ही एकाच गोळीत. रोज एक, ठरलेल्या वेळी, २८ दिवस. जेवणाआधी-नंतर कसंही. काहींची झोप उडते, अशांनी सकाळी घ्यावी. पहिला आठवडाभर मळमळ आणि डोकं जड, मग बहुधा बसतं.

घोळ होतात ते इथे :

डायजीन, जेल्युसिलसारखी आम्लपित्ताची औषधं. त्यातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम पोटात डोल्युटेग्राविरला चिकटतं आणि औषध रक्तात पोचतच नाही. गोळीने मळमळ होते म्हणून माणूस वर डायजीन पितो आणि गोळी वाया घालवतो. घ्यायचंच असेल तर गोळीनंतर २ तासांनी, किंवा आधी घेतलं असेल तर पुढे ६ तास थांबून गोळी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचं तसंच, फक्त जेवणाबरोबर दोन्ही एकत्र घेतल्या तर चालतात. बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावं, घरोघरी कॅल्शियम चालू असतं.

मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. डोल्युटेग्राविरमुळे ती रक्तात वाढते, दिवसाला १००० मिग्रॅच्या वर जाऊ नये. टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर टेनोफोविर बदलावं लागतं. हिपॅटायटिस बी निघाला तर २८ दिवसांनी आपल्या मनाने थांबवायचं नाही, कारण यातली दोन औषधं बी वरही काम करतात आणि एकदम सोडली की यकृत भडकतं.

गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन नाहीत. सलग दोन दिवस चुकले तर डॉक्टरांना फोन.

---

मित्राचा_मित्र (रविवार, दुपारी १२:३०)

अवांतर : पण फाटला का? कंपनीला शिव्या घालायच्या की मित्राला?

---

सातपुडा (रविवार, दुपारी १२:४४)

बहुतेक वेळा मित्राला. कारणं ठरलेली : पाकिटात मागच्या खिशात महिनोन् महिने दाबून ठेवलेला, दाताने फोडलेलं पाकीट, टोकाची हवा न काढता चढवलेला, उलटा लावून मग सरळ केलेला, 'डबल सेफ्टी' म्हणून दोन (एकमेकांवर घासून दोन्ही जातात), आणि कोकणापासून विदर्भापर्यंतचा लाडका अपराधी, खोबरेल तेल. लॅटेक्सला तेल चालत नाही, काही मिनिटांत ते कमजोर होतं. व्हॅसलीन, बॉडी लोशन, तूप, सगळं बाद. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं जेल चालतं.

उघडण्याआधी पाकीट दोन बोटांत दाबायचं. आत हवेची उशी लागली पाहिजे. सपाट लागलं तर फेकून द्यायचं. नंतर शंका आली तर नळाखाली पाणी भरून बघायचं. टोकाला भोक असेल तर धार दिसते. बुडाशी कड फाटलेली असेल आणि पिशवी शाबूत असेल तर ती 'फाटला'मध्ये मोडत नाही.

---

आकडेमोड (रविवार, दुपारी १:१०)

खोबरेल तेलावर मिसळ आणि पोह्यांइतका वाद होऊ शकतो, म्हणून इथेच थांबतो. मूळ प्रश्न : २८, ४५, ९०. पिपेट, तुमचं खातं.

---

पिपेट (रविवार, दुपारी २:२०)

तिन्ही आकड्यांना कारण आहे, फक्त ते एकाच टेस्टचे नाहीत.

लॅबमधली चौथ्या पिढीची टेस्ट (एलायझा किंवा क्लिया) दोन गोष्टी शोधते : विषाणूचं पी-२४ प्रथिन आणि शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं. पी-२४ आधी दिसतं, मग प्रतिपिंडं वाढली की झाकलं जातं. म्हणून दोन्ही एकत्र पाहणारी टेस्ट लवकर पकडते. शिरेच्या रक्तावर केली तर १८ ते ४५ दिवस. ४५ हा इथून आला. २८ दिवसांनी बहुतेक सापडतात, पण सगळे नाहीत, म्हणून २८ चा निकाल दिलासा, शिक्कामोर्तब नाही.

आयसीटीसीत करतात ती रॅपिड मुख्यतः प्रतिपिंडं पाहते. तिला २३ ते ९० दिवस. म्हणून ३ महिने. लोक नेटवर ४५ वाचतात, रॅपिड करून येतात आणि सुटलो म्हणतात. किंवा ४५ दिवसांची चौथ्या पिढीची टेस्ट चोख निघूनही ३ महिने रडत बसतात. रिपोर्टवर टेस्टची पद्धत छापलेली असते, आधी ती वाचा.

नॅट म्हणजे विषाणूचा आरएनए शोधणारी टेस्ट १० ते ३३ दिवसांत पकडते, पण महाग आहे, आणि पेप चालू असताना तिचा निगेटिव्ह फसवा असू शकतो.

क्लियाच्या रिपोर्टवर ०.१२ किंवा ०.४३ असा आकडा असतो. तो संसर्गाचं प्रमाण नाही. १.०० च्या खाली म्हणजे नॉन-रिॲक्टिव्ह, विषय संपला. गेल्या वेळी ०.१२ होता आणि आता ०.४३ आला, 'वाढतोय का' हा प्रश्न निरर्थक आहे. तो मशीनचा आणि त्या दिवशीच्या किटचा खेळ. आणि रिॲक्टिव्ह आला तरी एका टेस्टवर कुणी पॉझिटिव्ह ठरत नाही. आयसीटीसीत वेगवेगळ्या तीन किटवर तपासून मगच रिपोर्ट देतात.

---

अनसूया_कट्टा (रविवार, दुपारी २:४१)

तिन्ही जुळून पॉझिटिव्ह आलं तरी : २००४ पासून सरकारी एआरटी फुकट, २०१७ पासून सीडी-४ (रक्तातल्या प्रतिकारपेशी) किती आहे याची वाट न बघता लगेच सुरू. गोळी बहुधा तीच टीएलडी, फक्त कायमची.

---

आडवाटेचा_पंथी (रविवार, संध्याकाळी ५:४०)

दुपारी ४ वाजता पहिली गोळी पोटात गेली. साडेचाळीस तास. रक्त दिलं. ३० गोळ्यांची डबी बाहेरून आणली. हिपॅटायटिस बी ची लसही टोचली, पुढची आजपासून १ महिन्याने आणि तिसरी आजपासून ६ महिन्यांनी. बाई उद्या सकाळी आयसीटीसीत जातेय, एआरटी केंद्रातही विचारणार आहे. तिची वेळ रात्री साडेअकरापर्यंत आहे, तिला सांगितलंय.

आता दोन उरले. बायकोचं काय? आणि कॅलेंडरवर गोल कुठे करायचा?

---

कोकमकढी (रविवार, संध्याकाळी ६:१५)

शेवटची टेस्ट होईपर्यंत घरी प्रत्येक वेळी कंडोम. बायको गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर हा नियम दुप्पट कडक, कारण त्या काळात आईला नवीन लागण झाली तर बाळापर्यंत पोचण्याची शक्यता जास्त. काय सांगून, ते समुपदेशकाशी बोलून ठरवू दे. तोवर रक्तदान नाही. 'फुकट टेस्ट होईल' म्हणून तर मुळीच नाही. विंडो पीरियडमधली (लागण झालीय पण टेस्टमध्ये अजून दिसत नाही अशा काळातली) पिशवी टेस्टमधून निसटली तर ती थेट दुसऱ्याच्या शिरेत जाते.

लघवीला जळजळ, पू, जखम असं काही झालं तर सरकारी रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक, म्हणजे गुप्तरोगांचा दवाखाना. पुरुषाच्या स्रावासाठी राखाडी किट, त्यात ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिग्रॅ. मनाने ॲंटिबायोटिक नको. झोपच लागत नसेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६.

---

पिपेट (रविवार, संध्याकाळी ६:५०)

गोल इथे करा. पेप घेतलं की मोजणी संबंधापासून नव्हे, शेवटच्या गोळीपासून. पहिली गोळी आज रविवारी, म्हणजे अठ्ठाविसावी गोळी चौथ्या आठवड्यातल्या शनिवारी. तिथून ४५ दिवस म्हणजे सहा आठवडे आणि तीन दिवस, मंगळवार येतो. त्या मंगळवारी किंवा नंतर, लॅबमध्ये चौथ्या पिढीची, शिरेच्या रक्तावर. आयसीटीसीची रॅपिड करणार असेल तर शेवटच्या गोळीनंतर ३ महिने. आपल्याकडच्या रुळलेल्या तक्त्यात ६ आठवडे, ३ महिने, ६ महिने असं असतं. केंद्राने बोलावलं तर जावं, पण मधल्या काळात दर आठवड्याला वेगळी लॅब गाठू नये.

---

मित्राचा_मित्र (रविवार, संध्याकाळी ७:०२)

डबीत ३० आणि कोर्स २८ चा. उरलेल्या दोन पुढच्या वेळेला?

---

कोकमकढी (रविवार, संध्याकाळी ७:०९)

नाही. दोन गोळ्यांनी काही अडत नाही, उलट 'घेतली की' म्हणून माणूस दवाखान्यात जायचं टाळतो. पुढची वेळ येणारच असेल तर आधीपासून घ्यायचं 'प्रेप' वेगळं असतं, त्यासाठी डॉक्टरांना विचारावं. त्या दोन गोळ्यांचा उपयोग एवढाच : अठ्ठाविसाव्या दिवशी डबी तळहातावर उलटी करायची. दोन पडल्या तर कोर्स पुरा झाला. तीन-चार पडल्या तर चुकल्या किती ते कळलं, आणि टेस्टला जाल तेव्हा तो आकडा सांगायचा.